मी रोम पाहिलेलं नाही

मंडळी, आज बातमी नाही. स्वतःचंच लिहितोय आणि थोडं मोठं आहे. ज्यांच्या घरात सध्या 'बोटीवर जायचा' विषय चालू आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या रविवारी आमच्या वाडीतले एक काका सकाळीच घरी आले. सोबत मुलगा. वय बावीस, हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालेला, सध्या गोव्यात एका हॉटेलात. हातात प्लास्टिकच्या फाइलमध्ये एक कागद. क्रूझवर नोकरी, नक्की काम काय ते लिहिलेलं नाही. एकूण चार लाख भरायचे, त्यातले निम्मे आठवड्याच्या आत, रोख. काकांनी काजूची बाग गहाण टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं.

"तू जावन इलंस," काका म्हणाले, "खरा काय ता सांग माका. तुझो अल्बम बघूनच ह्या खूळ शिरला ह्येच्या डोक्यात."

खरं आहे. २००५ ते २००७ मी क्रूझवर होतो, दोन कॉन्ट्रॅक्ट. तेव्हाचा एक अल्बम आमच्या घरी आहे. गणपतीत कुणी आलं की आई तो काढायची. हा मुलगा लहान असताना आमच्या ओटीवर बसून एकेक फोटो बघायचा आणि विचारायचा, हे कुठलं, ते कुठलं. पहिल्याच पानावर मी पांढऱ्या शर्टात, मागे गोल बुरुजांचा भलामोठा दगडी किल्ला. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'रोम, २००६'.

मी रोम पाहिलेलं नाही. बायको सोडली तर हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तो किल्ला चिव्हिताव्हेक्या नावाच्या गावातला. क्रूझच्या जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण बोट रोमला लागत नाही. रोम समुद्रावर नाहीच. बोट लागते चिव्हिताव्हेक्याला, तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. पाहुणे सकाळी बसमध्ये बसून जातात आणि संध्याकाळी परत येतात. आम्हाला मधे सुट्टी मिळायची अडीच तास. ट्रेनने नुसतं जाऊन यायलाच तेवढा वेळ लागतो.

माझं काम होतं गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात. पहिलं कॉन्ट्रॅक्ट अख्खं भांडी घासण्यात गेलं. सकाळी सहाला सुरू, दुपारी अडीचला सुटायचं, परत साडेपाचला उभं राहायचं ते रात्री अकरा-साडेअकरापर्यंत. नऊ महिन्यांत पूर्ण सुट्टीचा दिवस एकही नाही. केबिन पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नाही, वर-खाली दोन बंक. खालच्या बंकवर इंडोनेशियाचा एक मुलगा, तो मला वर्षभरात माझ्या भावापेक्षा जवळचा झाला. बोटीच्या पोटातून या टोकापासून त्या टोकापर्यंत कामगारांची एक लांब गल्ली जाते. तिला सगळे 'आय नाइन्टीफाइव्ह' म्हणायचे, अमेरिकेतल्या एका महामार्गावरून. पाहुण्यांना झुंबरं आणि गालिचे, आम्हाला ही गल्ली.

बंदर लागलं म्हणजे खाली उतरता येतंच असंही नाही. आग लागली, काही झालं तर बोट सांभाळायला ठरावीक माणसं वरच थांबावी लागतात. तुमची पाळी आली की समोर नेपल्स असो की मार्सेय, तुम्ही रेलिंगवरून बघायचं. पाळी नसली तरी रोज दुपारी एकच प्रश्न, झोपायचं की गाव बघायचं? पहिले तीन महिने मी बहुतेक वेळा झोपलो.

बार्सिलोना आमचं मुख्य बंदर. तिथे जुने पाहुणे उतरायचे आणि नवे चढायचे, म्हणजे कामाचा सगळ्यात वाईट दिवस. तरी जमेल तेव्हा आम्ही धावत जायचो. बंदरातून बाहेर आलं की कोलंबसाचा ६० मीटर उंच स्तंभ लागतो आणि तिथून 'ला रांबला' हा प्रसिद्ध रस्ता सुरू होतो. पाहुणे त्या रस्त्याने सरळ वर जायचे. आम्ही डावीकडे राव्हाल वस्तीत वळायचो, कारण तिथे फोनची दुकानं होती. दुकानदार पाकिस्तानी किंवा बांगलादेशी. हिंदीत बोललं की खूश व्हायचे, कधी चहा पाजायचे. लाकडी खोक्यासारखी केबिन, भिंतीवर घड्याळ, मिनिटाला पैसे. बार्सिलोना म्हटलं की मला ते घड्याळ आठवतं.

तिथूनच एकदा घरी फोन लावला. बाबांनी उचलला. ते आयुष्यात मुंबईच्या पलीकडे गेले नव्हते. पहिला प्रश्न, "रोम बघलंस?"

काय सांगणार? एजंटला एक लाख वीस हजार दिले होते, त्यातले निम्मे आईच्या पाटल्या गहाण टाकून. मुलगा टोप घासतोय हे सांगायचं की रोमपासून ८० किलोमीटरवर येऊन परत जातोय हे सांगायचं? मी म्हटलं, "होय, बघलंय. खूप मोठा आसा."

बाबा म्हणाले, "बरा झाला."

तीन आठवड्यांनी ते गेले. बोट भर समुद्रात होती. दुसऱ्या दिवशी बंदर लागलं, तिसऱ्या दिवशी विमान मिळालं. घरी पोचलो तोवर चुलतभावाने अग्नी देऊन झाला होता. बाबांशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे ते रोम.

दिवस झाल्यावर दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला गेलो, कारण पाटल्या सोडवायच्या होत्या. पण या वेळी ठरवलं, दुपारी झोपायचं नाही. जे गाव समोर आहे तेच बघायचं. चिव्हिताव्हेक्याला रोमच्या नावाने हळहळत बसायचो, ते सोडलं. गावात शिरलो. बाजार होता, भाजीवाल्या बायका होत्या, सावलीला बसून पत्ते कुटणारे म्हातारे होते. पुढे कळलं की ते बंदर रोमन सम्राट ट्राजनच्या काळातलं, म्हणजे १९०० वर्षांपूर्वीचं. आणि माझ्या फोटोतल्या किल्ल्याला मायकेलअँजेलोचं नाव आहे. मी त्याच्यासमोर उभा राहून खाली भलतंच नाव लिहिलं होतं.

नेपल्सचं तसं नाही. तिथे बोट शहराच्या तोंडाशीच लागते, समोरच राजवाड्यासारखा किल्ला, अडीच तासांत बरंच होतं. मी पोर्ता नोलानाच्या मासळीबाजारात जायचो. टोपात पाण्यात ठेवलेल्या तिसऱ्या, कालवासारखं काहीबाही, रस्त्यावर वाहणारं पाणी, आणि ओरडणं तर थेट मालवणच्या लिलावासारखं. भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण कोण भाव पाडतंय आणि कोण खोटं रागावतंय ते बरोबर कळायचं. नुसतं उभं राहून बघायची सवय तिथे लागली. २००८ साली परत आलो, बोटीच्या पैशातून पत्रकारितेचा डिप्लोमा केला. आजही बातमीला गेलो की आधी थोडा वेळ उभा राहतो. ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.

म्हणजे बोटीने मला काही दिलं नाही असं नाही. पाटल्या सुटल्या, घराला स्लॅब पडला, डिप्लोमा झाला. आपल्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात किती घरं या डॉलरवर उभी आहेत ते तुम्हाला माहीत आहे. जाऊ नका असं मी सांगणार नाही.

पण काकांना जे सांगितलं ते इथेही लिहितो.

मी गेलो तेव्हा नियम सांगणारं कुणी नव्हतं. आज तशी स्थिती नाही. जहाजावरच्या कामगारांसाठी मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २००६ सालचा. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावण्यासाठी कामगाराकडून फी घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल सर्टिफिकेट यांचा खर्च आपला. व्हिसाचा खर्च मालकाचा. सुरक्षेचे कोर्स करावे लागतात, त्याची फी त्या संस्थेला भरायची आणि पावती घ्यायची. 'सीट पक्की करायचे' पैसे असा प्रकारच कायद्यात नाही.

भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा परवाना लागतो, त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारक कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. कागदावर तो नंबर नसेल तर चहा पिऊन उठा.

कामाचे तासही ठरलेले आहेत. २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात किमान ७७. कॉन्ट्रॅक्टवर सही करण्याआधी पगार, कामाचं नाव, मुदत आणि परतीचं तिकीट कुणाचं, या चार गोष्टी वाचा. २०२० च्या मार्चमध्ये जगभरच्या क्रूझ बंद पडल्या, तेव्हा किती मुलं कित्येक आठवडे बोटीवर अडकून पडली होती हे आपण विसरलो नसू. परतीची जबाबदारी कुणाची हे कागदावर असलेलं बरं.

रविवारी आम्ही तिघं माझ्या फोनवर ती यादी बघत बसलो. काकांच्या कागदावर नंबर नव्हताच. कंपनीचं नाव घालून तीन वेळा शोधलं, सापडलं नाही. एजंटला फोन लावून नंबर विचारला. "उद्या सांगतो," म्हणाला. आज पाच दिवस झाले, फोन उचलत नाही.

मुलगा मात्र माझ्यावर चिडला. "दादा, तुम्ही पैसे भरून गेलात, घर बांधलंत, आता आम्हाला कायदा सांगताय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोलला ते खरंच होतं. मी पैसे दिले होते आणि माझं नशीब बरं म्हणून बोट तरी खरी निघाली. माझ्यानंतर आमच्याच तालुक्यातल्या मुलांनी असेच पैसे भरले आणि मुंबईच्या लॉजवर महिना काढून परत आली. त्यांच्या बातम्या मीच लिहिल्यात. पण माझा अल्बम ओटीवर तसाच उघडा होता, त्यात भांडी नव्हती, गल्ली नव्हती, पाटल्या नव्हत्या. एजंटच्या जाहिरातीत आणि त्यात फार फरक नव्हता.

काकांनी बाग गहाण टाकलेली नाही. मुलाने सीडीसीसाठी काय लागतं ते विचारायला काल मेसेज केला. दोनच ओळींचा होता, 'दादा' लिहिलं नव्हतं. मी सगळं सविस्तर लिहून पाठवलं. तो जाईल असं वाटतं, आणि जावंही. दुपारी झोपू नको, एवढं मात्र त्याला सांगायचं राहिलंय.

काल रात्री अल्बम काढला. 'रोम' खोडलं आणि खाली लिहिलं, 'चिव्हिताव्हेक्या, २००६. दुपारची सुट्टी.' आई शेजारी बसली होती. तिने विचारलं, मग रोम कुठला फोटो? तिलाही आता सांगून झालंय.

तुमच्या घरी असा कागद आला असेल तर पैसे देण्याआधी घेऊन या. ऑफिस बाजारपेठेतच आहे, संध्याकाळी सहानंतर मी असतो. यादी एकत्र बघू. आणि जे बोटीवर जाऊन आलेत त्यांनी कमेंटमध्ये खरं लिहा, भांड्यांसकट. पोरं वाचताहेत.