गाडीखान्याचा खांब

आमच्या घराच्या उजव्या अंगाला जी कौलारू शेड आहे, तिला आम्ही अजून गाडीखानाच म्हणतो. अप्पांनी ती बैलगाडीसाठी बांधली. पुढे तिथे एक जुनी ॲम्बॅसिडर येऊन गेली. आता माझी स्कूटर, सरपण आणि तपासून झालेल्या वह्यांचे गठ्ठे असा संसार तिथे नांदतो.

यंदा आगोटीच्या तोंडावर स्कूटर काढताना कोपऱ्यातल्या खांबाला माझा खांदा लागला आणि खांब चक्क हलला. वरचा रंग शाबूत होता. पण बुंध्याशी किल्ली टोचून पाहिली, तर खरवसात जावी तशी आत गेली.

"वखारवाल्यानं अप्पांच्या गळ्यात पांढरं लाकूड मारलेलं दिसतंय," मी घरात येऊन म्हणालो. अप्पा झोपाळ्यावर होते. त्यांना ऐकू येत नाही, असा आमचा सोयीस्कर समज आहे.

सुतारकाका आले. त्यांनी आधी खांब पाहिलाच नाही, जमीन पाहिली.

"मास्तर, हा कोबा कुणी केला?"

कोबा मीच केला होता, २०१२ च्या दिवाळीच्या सुटीत. शेणाने सारवलेली जमीन मला गावंढळ वाटे. खांबांभोवती वीतभर सिमेंट चढवून मी छान गोलाईसुद्धा काढली होती. "अरे, खांब पुरू नकोस," असे अप्पा तेव्हा म्हणाले होते आणि मी नुसता हसलो होतो.

"पावसानं भिजलेलं लाकूड वाऱ्यानं वाळतं," काका म्हणाले. "वाळलं की कुजत नाही. तुम्ही त्याला पाण्याच्या वाटीत उभं केलंत. फटीतून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही. बुडखा ते वर ओढत राहतो."

मास्तराला असा धडा क्वचितच मिळतो!

काकांनी दोन टेकू दिले, पाचरी ठोकून तुळई केसभर उचलली. कुजका भाग तर कापलाच, पण त्याच्या वरचे हातभर चांगले दिसणारे लाकूडही कापले. कीड डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते म्हणे. मग जुन्या चौकटीतला सागाचा तुकडा घेऊन तिरका सांधा केला. त्याची उतरण बाहेरच्या अंगाला ठेवली, म्हणजे पाणी सांध्यात न मुरता ओघळून जाईल. बुडख्याला काजूच्या टरफलांचे काळे तेल पाजले. ते लागले तर कातडीला फोड येतात, म्हणून मला लांब उभे केले होते.

शेवटी छिन्नीने कोबा फोडला. खाली काळ्या दगडाचा तळखडा निघाला, पूर्वीच्या जमिनीपेक्षा चांगला चार बोटे उंच. त्याला मी साफ विसरलो होतो.

काठी टेकत अप्पा आले. त्यांनी काठीच्या टोकाने तळखड्यावर दोनदा वाजवून पाहिले.

"किंजळ होतं रे ते. वखारवाला चांगला माणूस होता," एवढेच म्हणाले आणि झोपाळ्याकडे वळले.

उरलेल्या तीन खांबांसाठी मी काकांकडून छिन्नी मागून घेतली.