जमिनींतील सुरुंग

सुरुंग हा शब्द आमच्याकडील मुलांस इतिहासाच्या पुस्तकांतून परिचित होतो. १६६० सालीं शाइस्तेखानानें चाकणचा बुरूज सुरुंगानें उडविला, हें शिकवितांना आम्हीं तटाखालचें भुयार फळ्यावर कितीदां तरी काढलें असेल. तो सुरुंग एकदां उडाला कीं त्याचें काम संपे. हल्लींचा भूसुरुंग मात्र पाऊल पडेपर्यंत वर्षानुवर्षें पडून राहतो. तह झाल्याचें त्यास कळत नाहीं.

महाड-पोलादपुराकडील पुष्कळ घरांतून मुलें फौजेंत जातात. फौजी आंबवडें हें गांव तर त्याच नांवानें ओळखलें जातें. अशाच एका घरचा आमचा जुना विद्यार्थी २००२ सालीं पश्चिम सीमेवर होता. संसदेवरील हल्ल्यानंतर तेथील शेतांतून सुरुंग पेरले गेले व पुढें ते वेंचून काढावे लागले. "पेरतांना नकाशा करतां ना?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "करतों, गुरुजी, पण वाळू सरकते, ओढ्याचें पाणी माती नेतें. पुरला तेथेंच सांपडेल असें नाहीं." जुलै २०२१ मध्यें तळियें गांवावर डोंगर कोसळलेला ज्यांनीं पाहिला, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

कांहीं सुरुंग शाईच्या दौतीएवढेच असतात. कवच प्लॅस्टिकचें, कधीं लांकडाचें. धातु इतका अल्प कीं शोधक यंत्रहि फसतें. म्हणून आतां आंतरराष्ट्रीय नियमानें निदान आठ ग्रॅम लोखंडाइतकी खूण यंत्रास मिळावी असें ठरलें आहे. उडावयास कित्येकांस नऊ-दहा किलोंचा भार पुरतो. नुकत्याच चालूं लागलेल्या मुलाचें वजन तेवढेंच असतें! तेव्हां सुरुंग पाहून ओळखूं म्हणणें व्यर्थ. ओळखावयाची ती जागा. तारेचें कुंपण, लाल त्रिकोणी पाटी, गवतांत ताणलेली बारीक तार, चरतांना मेलेलें जनावर, आणि गांवकरी टाळतात ती वाट. शंका येतांच जागच्या जागीं थांबून हांक मारावी.

आमच्या डोंगरांत भूसुरुंग नाहींत. परंतु मे १८१८ मध्यें इंग्रजांच्या तोफांनीं रायगडावरील वाडे जाळले. तशा पोकळ गोळ्यांत दारू भरलेली असे, आणि गंजलेला गोळा निर्जीवच असतो असें नाहीं. मुलांनीं असें कांहीं उचलून घरीं आणूं नये, पोलिसांस कळवावें.

तो विद्यार्थी निवृत्त होऊन आतां गांवींच भातशेती करतो. पावसाळ्यांत बांधावर गवत माजलें कीं तो अजूनहि मळलेल्या पाऊलवाटेनेंच वळसा घालून येतो, असें त्याची आई सांगते.