उजेड शोधायला नाना पेठेत

तर झालं असं की, ताम्हिणी घाटात आमचे दिवे गेले. गाडीचे. जुलै २०२३, शनिवार, संध्याकाळचे पावणेआठ. ऑफिसचं उरलेलं काम दुपारपर्यंत उरकत बसले, त्यामुळे निघायलाच उशीर झाला होता. पाऊस असा की वायपर फास्टवर टाकूनही समोर नुसतं पांढरं. स्टिअरिंगवर मी, शेजारी बाबा, मागे आई आणि आईच्या मांडीवर डब्यांची पिशवी. जायचं होतं दिवेआगरला. मुळशीचा तलाव मागे पडला, ताम्हिणी गाव गेलं आणि एका वळणावर हेडलाइट जरा लुकलुकले आणि बंद. दोन्ही, एकदम.

‘डीपर दे,’ बाबा म्हणाले. दिला, काही नाही. ‘अप्पर?’ तोही नाही. पार्किंग लाइट चालू, इंडिकेटर चालू, वायपर चालू, म्युझिक सिस्टीमसुद्धा चालू! फक्त जे हवं होतं तेच नाही. हझार्ड लावून कठड्याच्या बाजूला थांबलो. दहा मिनिटांनी दिवे आपोआप आले, पिवळट, मेणबत्तीसारखे. दोनेक किलोमीटर चाललो की परत अंधार.

गंमत बघा. मागे जो तलाव राहिला, त्याच्याच पाण्यावर खाली भिरा इथे १९२७ पासून वीज तयार होते आणि मुंबईला जाते. त्या धरणासाठी मावळातली गावं बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापट रस्त्यावर उतरले होते. इतिहासातली एवढी वीज आजूबाजूला, आणि आमच्याकडे मोबाइलचा टॉर्च.

‘पौडपासून जळका वास येतोय, म्हणाले होते की नाही मी?’ आई मागून. म्हणाली होती, दोनदा. बाबांनी दोन्ही वेळा ‘क्लच असेल’ सांगितलं होतं.

सुटका केली एसटीने. पुण्याहून कोकणात उतरणारी गाडी मागून आली, ड्रायव्हरकाकांनी खिडकीतून डोकावून काय झालं ते विचारलं आणि एकच वाक्य बोलले, ‘माझ्या मागे लागा, लाल दिवा सोडू नका.’ निवे, विळे, निजामपूर, सगळा रस्ता मी फक्त ते दोन लाल दिवे बघत चालवला. वळणांवर ते गाडी मुद्दाम हळू घेत होते, हे नंतर लक्षात आलं. माणगावला लॉजमध्ये मुक्काम. डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, झोपलो आणि रविवारी उजेडात मुकाट्याने पुण्याला परत. मोदक कॅन्सल.

गाडीबद्दल सांगायला हवं. २००४चं मॉडेल, डिझेल, उंच, चौकोनी, बाबांनी २००८ साली सेकंडहँड घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत पुन्हा नोंदणी केली, हरित कर भरला. माझ्या ऑफिसातले सगळे सनरूफवाल्या नव्या गाड्यांचे ईएमआय भरतात आणि मला म्हणतात, ‘अजून आहे का ती?’ आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण घाटातल्या त्या रात्रीनंतर मीही पहिल्यांदा ‘विकून टाकू या’ म्हणाले. बाबा गप्प बसले. मग म्हणाले, ‘आधी नाना पेठेत दाखवू.’

मुंबईकरांना जसं कुर्ला, तशी पुणेकरांना नाना पेठ. नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ आज गाड्यांच्या पार्ट्सची पेठ आहे. कॅम्पाकडून क्वार्टर गेट ओलांडलं की वास बदलतो: रबर, ग्रीस, नवीन सीट कव्हरचं रेक्झिन. दुकानांच्या पाट्यांवर बेअरिंग, क्लच प्लेट, शॉकअप, हॉर्न. दाराशी टांगलेले आरसे. गल्ली एवढी अरुंद की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर तिसरा माणूस मध्ये पडून तडजोड घडवतो. काउंटरवर तुम्ही पार्टचं नाव सांगायचं नसतं. तुटका पार्ट समोर ठेवायचा. काउंटरवाला तो उलटासुलटा करून बघतो, वरच्या मजल्याकडे तोंड करून काहीतरी ओरडतो आणि दोन मिनिटांत दोरीला बांधलेल्या पिशवीतून तोच पार्ट खाली येतो. ऑनलाइन डिलिव्हरीवाल्यांनी हे बघायला हवं.

चाचांचं दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या वायरींची रंगीत झुलपं. दखनी वळणाचं मराठी. मी ऑनलाइन मागवलेला मल्टिमीटर पर्समधून काढला, तेव्हा ते हसले. ‘ताई तयारीने आल्या.’ त्यांचं स्वतःचं हत्यार म्हणजे होल्डरमधला एक छोटा बल्ब आणि त्याला दोन वायरी. टेस्ट लॅम्प. पण माझा मीटर त्यांनी नाकारला नाही. उलट म्हणाले, ‘चला, दोघं मिळून मोजू.’

इथे मला पहिल्यांदा कळलं की वायरिंग रिपेअर म्हणजे पार्ट बदलणं नव्हे. आदल्या आठवड्यात घराजवळच्या एका गॅरेजने ‘बल्ब बदला, नाही तर बॅटरी बदला, नाही तर अल्टरनेटर बदला’ असा तीन पानी मेनू दिला होता. चाचांनी काहीही बदललं नाही. इंजिन चालू केलं, डीपर लावला (त्या दिवशी नेमका लागला!) आणि मोजलं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोघंही निर्दोष. हेडलाइटच्या बल्बवर मोजलं तर १०.९.

तीन व्होल्ट रस्त्यात कुठे गेले?

हे शोधायची युक्ती इतकी सोपी आहे की शाळेत का शिकवत नाहीत कळत नाही. दिवा चालू ठेवायचा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लसवर. मीटर जे दाखवेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत सांडतायत. आमचे २.१. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवेत. मग तसंच मायनसच्या बाजूला, म्हणजे बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. तिथे ०.८. बेरीज बरोबर २.९. चोर एक नव्हता, दोन होते. आणि हॅलोजन बल्बचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. आमचं वीस टक्क्यांहून जास्त पडलं होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं आम्ही निम्म्याहून कमी उजेडात घाट चढत-उतरत होतो आणि ‘जुन्या गाडीचे दिवे असेच असतात’ म्हणत होतो.

अर्थवाला चोर लगेच सापडला. हेडलाइटमागे पत्र्याला जो नट लावून काळी वायर जोडतात, तो गंजला होता आणि वर कुणीतरी कौतुकाने रंग मारला होता. घासून पत्रा चकाकवला, नवीन लग लावला, वरून व्हॅसलिन. ०.८चे ०.१ झाले.

दुसरा चोर डॅशबोर्डखाली होता. चाचांनी दिव्यांच्या स्विचचा कपलर ओढला आणि न बोलता माझ्या हातात ठेवला. पांढरं प्लॅस्टिक चॉकलेटी होऊन वितळलेलं. आईला पौडपासून येणारा वास हाच. मग त्यांनी फ्यूज बॉक्स उघडला. एका उडालेल्या फ्यूजभोवती चंदेरी कागद गुंडाळलेला. सिगारेटच्या पाकिटातला.

मी बाबांकडे बघितलं. बाबा अमृततुल्यच्या पाटीकडे बघत होते.

हळूहळू कबुलीजबाब आला. २००९ साली बाबांनी हौसेने ९०-१००चे बल्ब टाकले. गाडीच्या मूळ बल्बला डीपर ५५ वॉट, अप्पर ६०. यांचे ९० आणि १००. तेव्हा सगळेच टाकायचे. (रस्त्यावर वापरायला ते कायदेशीरही नाहीत, हे बाबांना तेव्हाही माहीत होतं.) हिशोब करा: ५५चे दोन म्हणजे ११० वॉट, भागिले १२ व्होल्ट, नऊ अँपिअर. ९०चे दोन म्हणजे १८० वॉट, पंधरा अँपिअर. आमच्या मॉडेलसारख्या जुन्या गाडीत हा सगळा करंट बॅटरीतून निघून डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून पुन्हा पुढे बल्बकडे जातो, बारीक वायरीतून. फ्यूज उडायला लागला. २०११ मध्ये वरंधा घाटात रात्री उडाला, दुकान नाही काही नाही, तेव्हा चहाच्या टपरीवरून रिकामं पाकीट मागून घेतलं. ‘तात्पुरतं केलं होतं,’ बाबा म्हणाले. बारा वर्षं.

‘साहेब,’ चाचा अगदी आदराने म्हणाले, ‘फ्यूज उडतो म्हणजे गाडी तक्रार करते. तुम्ही तक्रारपेटीच बंद करून टाकली.’

हसू आलं, पण मी त्या कपलरकडे बघत होते. दिवे विझले ते बरं झालं. विझले नसते आणि वायर अशीच तापत राहिली असती तर पुढे काय, याचं उत्तर डॅशबोर्डच्या पलीकडच्या काळ्या झालेल्या फोमवर लिहिलेलं होतं. मागच्या सीटवर आई बसली होती.

बाबांनी तो फ्यूज उचलून खिशात टाकला. त्या विषयावर घरी आजपर्यंत चर्चा झालेली नाही.

मग खरं काम. बॅटरीची मायनस टर्मिनल आधी काढायची, हा पहिला नियम. चाचांनी दोन रिले लावले, एक डीपरला, एक अप्परला. रिले म्हणजे मोठ्या साहेबांचा शिपाई: स्विचने फक्त इशारा करायचा, ओझं रिलेने उचलायचं. इशाऱ्याला लागतो एका अँपिअरचा पाचवा भाग वगैरे. जड करंट बॅटरीतून निघून थेट पुढे, अडीच चौरस मिलिमीटरच्या जाड तांब्याच्या वायरीतून. रिलेच्या खाली आकडे असतात: ३०वर बॅटरी, ८७वर दिवा, ८५ आणि ८६वर इशारा. एवढं पाठ केलंत तर कुठल्याही गॅरेजात तुमच्याशी जरा वेगळ्या आवाजात बोलतात. अनुभव आहे.

फ्यूज बॅटरीच्या जवळ, हातभराच्या आत. आम्ही पंधराचे निळे घातले. वायर रिकामी पिळून टेप मारणं बंद. लग दाबून वर स्लीव्ह, कारण टेप पुण्याच्या मे महिन्यात गुळासारखी पाझरते. बल्बला प्लॅस्टिकऐवजी सिरॅमिकचे होल्डर. आणि बल्ब परत ६०-५५चे. मी एलईडी टाकायचे का विचारलं. चाचांनी नकार दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत एलईडी कोंबला की उजेड रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त. हायवेवर रोज शिव्या घालतो तो आपणच व्हायचं कशाला?

दुपारभर आणखी एक उद्योग झाला, तो मेलेल्या वायरी काढायचा. बॅटरी दर आठ-दहा दिवसांनी झोपायची, त्याचंही कारण बघायचं होतं. गाडी लॉक करून बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर अँपिअरवर लावला (असं लावलं असताना चावी फिरवायची नाही, मीटर जातो). ०.३८ अँपिअर. झोपलेल्या गाडीने ०.०५च्या आत खायला हवं. ०.३८ म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवर. ७०ची बॅटरी आठवड्याभरात आडवी. एकेक फ्यूज काढला, आकडा हलेना. म्हणजे खाणारा फ्यूजच्या अलीकडेच बसला होता: जुन्या मालकाने लावलेला सायरनचा डबा, थेट बॅटरीवर. तो काढला, ०.०२.

त्याच्यामागोमाग काय काय निघालं! रिव्हर्स टाकल्यावर गाणं वाजवणाऱ्या हॉर्नची वायर. कॅसेट प्लेअरच्या अँप्लिफायरची. नंबरप्लेटभोवतीच्या निळ्या लाइटची (‘ही माझी नव्हे,’ बाबा). फुटपाथवर हा एवढा ढीग. दोन मालकांची, वीस वर्षांची हौस.

शेवटी एक पिवळी वायर उरली, डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातून मागे जाणारी. चाचांनी कटर लावला. ‘ती नको,’ बाबा पटकन म्हणाले. ती आईच्या पंख्याची होती. घाटात आईला मळमळतं म्हणून २००८ सालीच मागच्या सीटजवळ बसवलेला, तळहाताएवढा. पंखा पाच वर्षांपूर्वी बंद पडला होता. चाचांनी तपासलं तर पंखा ठीक होता, अर्थ सुटला होता. ती वायर काढून नवी घातली, स्वतंत्र फ्यूज देऊन. त्याचे पैसे घेतले नाहीत.

निघताना परत मोजलं. बॅटरीवर १३.८, बल्बवर १३.४.

ऑक्टोबरमध्ये आम्ही पुन्हा निघालो, मुद्दाम संध्याकाळी. पाऊस संपलेला, मुळशीचा तलाव काठोकाठ, रस्त्याच्या कडेला सोनकीची पिवळी फुलं. ताम्हिणी गावाजवळ अंधार पडला आणि मी दिवे लावले. वळणावरचा कठडा दिसला, कठड्यावरचा पांढरा पट्टा दिसला, पट्ट्याच्या पुढे गवत दिसलं. ‘हा कठडा आधी होता का?’ बाबांनी विचारलं.

निजामपूरला चहाला थांबलो. बॉनेट उघडून बल्बमागच्या कपलरला हात लावला. कोमट. मग डॅशबोर्डखाली हात घालून स्विचचा कपलर चाचपला. गार. गाडीत येऊन बसले, तर मागे आईने पंखा लावला होता.