शून्य दाखवणारा ॲमीटर

१९८५ ची एखादी घटना प्रबंधासाठी सुचवली की माझे वर्गमित्र हसतात. हा इंजिनिअरिंगचा विषय, इतिहासाचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र यात आपलीच जुनी खोड दिसते: शेवट ठाऊक असल्यामुळे सुरुवातीला हेतू चिकटवण्याची.

आज बहुतेक साऱ्या मोबाइलमधील प्रोसेसर 'आर्म' आज्ञासंचावर चालतात. आज्ञासंच म्हणजे चिपला समजणाऱ्या मूळ आज्ञांची यादी. बॅटरी वाचवण्यासाठीच तो घडवला गेला, असे सर्रास लिहिले जाते. कालक्रमाची साक्ष वेगळी आहे.

केंब्रिजची ॲकॉर्न ही कंपनी ब्रिटनमधील शाळांत पोहोचलेला 'बीबीसी मायक्रो' संगणक बनवत असे. तेथे सोफी विल्सन यांनी आज्ञासंच रचला, स्टीव्ह फर्बर यांनी चिपची अंतर्रचना केली. दोघांसमोर होता तो टेबलावरचा संगणक. माणसे मोजकी, म्हणून रचनाही साधी ठेवली. चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवायची, तर ती तापून चालणार नव्हते. कमी विजेचा आग्रह आला तो या काटकसरीतून. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली चिप हाती आली आणि चालली. पुढे विजेचा वापर मोजू गेले, तर ॲमीटर शून्यावर! बोर्डावर चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. इतर जोडण्यांतून झिरपणाऱ्या विजेवर ती चालत होती. (ही हकीकत खुद्द निर्मात्यांनी सांगितलेली आहे. यशस्वी माणसांच्या आठवणी फार घोटीव असतात, म्हणून मी ती जपून वापरते.)

मोबाइलच्या दारात तर हाच आज्ञासंच अडला. प्रत्येक आज्ञा ३२ बिटांची. त्यामुळे प्रोग्रॅमला मेमरी अधिक लागे, आणि मेमरी महाग. नोकियाची तक्रार हीच होती. मग नेहमीच्या आज्ञा १६ बिटांत बसवून 'थंब' हा धाकटा संच तयार झाला. त्यावर आधारलेला नोकिया ६११० हा फोन १९९७ च्या अखेरीस जाहीर झाला. स्वतःच्याच शेपटीला चावून मरणारा तो साप प्रथम याच फोनवर अवतरला.

म्हणजे फोनसाठी मुद्दाम जे घडवले, ते विजेच्या नव्हे, मेमरीच्या किमतीपायी. मला म्हणूनच मुलाखतींहून त्या वर्षांची दरपत्रके हवी आहेत. कोणाच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातील संगणक-मासिके असतील, तर रद्दीत घालण्याआधी कृपया कळवा. जाहिरातींची पानेही चालतील. किंबहुना तीच आधी.