गवतासाठी जंग्या

वेल्समधील जुन्या जमीनदारी इस्टेटींवर गवत साठवण्याची दगडी कोठारे आजही उभी दिसतात. वेल्श भाषेत अशा वास्तूला ‘टी ग्वाइर’, म्हणजे गवताचे घर, असे म्हणतात. जाड भिंती, स्लेटचे छप्पर आणि भिंतींत ओळीने सोडलेल्या अरुंद उभ्या फटी. दुर्गप्रेमींना चटकन जंग्या आठवाव्यात. येथे मात्र शत्रू भिंतींच्या आतच असे, आणि तो म्हणजे ओले गवत.

पुरते न वाळलेले गवत रचून ठेवले की त्यातील सूक्ष्मजीव उष्णता निर्माण करू लागतात. ती बाहेर पडली नाही, तर गंजी आतल्या आत तापत जाते आणि काही आठवड्यांनी, बाहेरून ठिणगीही न पडता, पेट घेऊ शकते. उत्तर वेल्समधील एररी ऊर्फ स्नोडोनियाच्या डोंगरांत काही ठिकाणी वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे उन्हाळ्यातले चार कोरडे दिवस गाठून कापलेले गवत हाच गुरांचा हिवाळ्यातला आधार. फटींतून वारा खेळला नाही, तर तो आधारही गेला आणि कोठारही. काही ठिकाणी तर नुसते दगडी खांब उभारून बाजू मोकळ्याच ठेवल्या जात.

बांधणीचे कौतुक येथवर. वास्तू कोणाची, हा प्रश्न अधिक बोचरा आहे. उत्तर वेल्समधीलच विस्तीर्ण पेनरिन इस्टेट पाहा. पेनंट घराण्याची संपत्ती जमैकातील उसाच्या मळ्यांतून, तेथे राबवलेल्या गुलामांच्या श्रमांतून आली आणि वेल्समधील स्लेटच्या खाणींत, रस्त्यांत, शेतीत गुंतली. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर जॉर्ज डॉकिन्स-पेनंट यांना ७६४ गुलामांपोटी सुमारे १४,६८३ पौंड भरपाई मिळाली. गुलामांना छदामही नाही.

वेल्श इस्टेटीवरचे कूळ गवत कापी, वाळवी, कोठार भरी. जमीन आणि भिंती मात्र मालकाच्या. १८६८च्या निवडणुकीपर्यंत मतदान उघड होते. त्या वर्षी जमीनदाराच्या इच्छेविरुद्ध मत देणाऱ्या अनेक वेल्श कुळांना शेत सोडण्याच्या नोटिसा मिळाल्या. गुप्त मतदान आले ते १८७२ मध्ये.

आणि कुळाने स्वतःच्या खर्चाने कोठार बांधले असेल तर? १८८३च्या कायद्याने जमीन सोडताना सुधारणांची भरपाई मागण्याचा हक्क कुळाला दिला. इमारतींसाठी मात्र त्यात एक अट होती. बांधण्यापूर्वी जमीनदाराची लेखी संमती घेतलेली हवी.