काकूंची एरंडी

पाऊस लागला की नागपुरात एक प्रश्न सगळीकडे ऐकू येतो, "अंबाझरी ओव्हरफ्लो झाला का?" दुसरा फक्त माझ्या वाट्याला येतो. "बाप्पा, हा सुरवंट कोणता आहे, पाहून सांग ना!"

यंदा विचारणाऱ्या होत्या शेजारच्या काकू, आणि हातात कोयता! नातवाच्या दंडावर पुरळ उठलं होतं, परसातली एरंडी केसाळ अळ्यांनी भरली होती. (रुतलेले केस चिकटपट्टीने काढले, हात धुतला, चोळू दिला नाही. पोरगं तासाभरात खेळायला पळालं.) शिक्षा व्हायची होती ती झाडाला.

पाठीवर शेपटाकडे दोन लालसर ठिपके, म्हणजे टसॉक मॉथ नक्की. घराणं कळलं हो, पण व्यक्ती? पिवळ्या पट्ट्यात लाल रेघ ती सोमेना सिंटिलन्स, तिला ओळखणं सोपं. घोळ होतो तो ऑर्जिया पोस्टिका आणि ओलीन मेंडोसा या दोघींचा. दोघींच्या पाठीवर दाढीच्या ब्रशासारखे चार झुपके, डोक्याशी शिंगांसारख्या दोन लांब काळ्या शेंड्या. ऑर्जियाचे ब्रश बहुधा फिक्कट, मेंडोसाचे तपकिरी. पण कात टाकली की अळीचं रूप बदलतं. नुसत्या फोटोवरून छातीठोकपणे नाव सांगणाऱ्यांचं मला भारी कौतुक वाटतं!

"खाज तर दोघींनीही सुटते, मंग नाव कायले पाहिजे?"

रास्त प्रश्न. उत्तर मादीत आहे. मेंडोसाची मादी पंखवाली, कुठूनही उडत येईल. ऑर्जियाच्या मादीला पंखांच्या जागी नुसते खुंट! ती आपल्याच कोषावर बसून गंध सोडते, नर उडत येतो, आणि अंडीही ती त्याच कोषावर घालते. म्हणजे कोष वेचले की या झाडावरची पुढची पिढी गेली. (धाग्याला लोंबकळून वाऱ्यावर आलेल्या कोवळ्या अळ्या सोडून.) एरंडी तोडायची गरजच नाही.

काकूंकडून दहा दिवसांची मुदत मागितली. दोन मोठ्या अळ्या संत्रा बर्फीच्या दोन रिकाम्या डब्यांत ठेवल्या, वर जाळी, रोज ताजं पान. नवव्या दिवशी एका कोषातून राखाडी, गुबगुबीत गोळा बाहेर आला.

"अगं बाई, हे तर लुळंच निघालं," काकू हळहळल्या.

रात्री त्याच डब्याच्या जाळीवर पिसांसारख्या मिशांचे तीन तपकिरी नर येऊन थडकले.

सकाळी काकू स्वतः सांडशी घेऊन एरंडीखाली उभ्या. सतरा कोष निघाले. दुसऱ्या डब्यातला अजून उघडलेला नाही. काकू दिवसातून दोनदा येऊन त्यात डोकावून जातात.