इंग्रजीची शिकवणी, घरची बोली

रविवारच्या मिस्सानंतर पालक भेटतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "फादर, मुलाला इंग्रजी जमत नाही. घरात मराठी बंद करू का?" वसईच्या ज्या घरांत कालपर्यंत सामवेदी वा वाडवळी नांदत होती, तेथे आज आई मोडक्यातोडक्या इंग्रजीत लेकराला जेवायला हाक मारते. त्यामागची माया खरी आहे; उपाय मात्र उलटा आहे.

इंग्रजी अवघड का जाते? 'मी आंबा खातो' म्हणताना आपले क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते आंब्याच्या आधी येऊन बसते. 'घरात' म्हणताना आपला प्रत्यय नामामागे चिकटतो, इंग्रजीत त्याचे काम करणारा शब्द नामापुढे उभा राहतो. 'अ' आणि 'द' यांना तर मराठीत जोडीदारच नाही. मूल चुकते ते मठ्ठ असते म्हणून नव्हे, तर दोन भाषांच्या सांध्यावर उभे असते म्हणून. तो सांधा दाखवायचा तर घरची भाषा हाताशी हवीच.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा, ते येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठी ते प्रौढपणी शिकले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. मध्ये सदतीस वर्षे लोटली होती! आपण मात्र सहामाही परीक्षेपर्यंत चमत्काराची अपेक्षा करतो.

मग आईबापांनी काय करावे? मुलाने इंग्रजी धडा रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावा. आपल्याला इंग्रजी येत नसले तरी शेजारी बसून ऐकावे. मध्येच टोकू नये. वाचून झाल्यावर आपल्या बोलीत विचारावे, "काय झालं रे यात?" ज्याला अर्थ सांगता आला, त्याला धडा कळला; अडला, तर शिक्षकांना काय विचारायचे ते कळले. धर्मग्रामातील कॉलेजच्या मुलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ लहानग्यांना दिली, तर शिकवणीची फी न परवडणाऱ्या घरालाही आधार होईल.

इंग्रजी अवश्य यावी. नोकरी आणि उच्च शिक्षण तिच्याशी बांधलेले आहे. पण तिच्यासाठी आजीशी बोलायची भाषा गहाण टाकू नये. आजीजवळ गोष्टी आहेत, प्रार्थना आहेत, लग्नाची गाणी आहेत. नातवाला तिची बोली कळेनाशी झाली, तर त्या ती कोणाला सांगणार?